हे माहं घर

नगरपरिषदेच्या व्हरांड्यात शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा लागला आणि आमच्या मोहल्ल्याची झोप उडाली. नव्या रस्त्याची लाल रेघ थेट आमच्या घरांवरून जात होती. हरकत घ्यायला मुदत तीस दिवसांची.

एकदा पाहून कोणाचंच समाधान होईना. "काल रेघ ओट्याजवळ होती, आज चुलीपर्यंत आल्यासारखी वाटून राह्यली," म्हणत शेजारची हुस्नाबानो सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घालायची. मीही दुकान उघडं टाकून जायचो. पिठाचा, तेलाचा, चुन्याचा, जसा असेल तसा हात घेऊन माणसं यायची आणि नकाशावर बोट टेकवून एकमेकांना सांगायची, "हे पाहा, हे माहं घर."

तिसाव्या दिवशी हरकती ऐकायला साहेब आले आणि नकाशापुढंच खुर्ची टाकून बसले. हुस्नाबानोनं सगळ्या मोहल्ल्याच्या सह्यांचा अर्ज पुढं केला.

"घरं कुठं आहेत, दाखवा."

तिचं बोट सवयीनं बरोबर जागेवर गेलं. पण महिनाभर बोटं घासून घासून तिथला कागद पांढरा पडला होता. लाल रेघ त्याच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र शाबूत होती.

"इथंच हायेत साहेब. महिनाभर रोज दाखवून राह्यलो आमी."

साहेबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. मग अर्जावर शेरा लिहिला, "सदर ठिकाणी घरे आढळून येत नाहीत."