कच्चं कर्नेल

काचेच्या पेटीवरच्या यंत्राचा पडदा काळा झाला आणि बाप खुर्चीतून उठला.

पेटीत त्याची लेक होती. दिवस भरायच्या आधीच आलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिला मधूनच श्वास घ्यायचा विसर पडायचा. विसरली की वरचं यंत्र ओरडायचं, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारायची, आणि बाईसाहेब पुन्हा श्वास घ्यायला लागायच्या. आता ओरडणारंच गप्प झालं होतं.

"घाबरू नका, मी आहे ना," सिस्टर म्हणाली. तिने आत हात घालून बोटं बाळाच्या छातीवर ठेवली. "मामांना बोलावलंय." मामा म्हणजे वॉर्डातली यंत्रं सांभाळणारा माणूस.

यंत्र आपणहून पुन्हा सुरू व्हायला लागलं. पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली, आणि बापाला ती वाचता येत होती. यंत्राच्या मुळाशी जे कर्नेल असतं, ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं सॉफ्टवेअर चालतं, ते तयार करायची त्याची नोकरी. पहिल्याच ओळीत कर्नेलचा क्रमांक आला आणि त्याने तो पुन्हा वाचला. हे त्याच्याच ऑफिसचं होतं. अगदी ताजं, पुरतं तपासून न झालेलं. आणखी थोडे दिवस चालवून बघू म्हणणाऱ्यांना भागूबाई ठरवून त्यानेच मंजुरी दिली होती.

अक्षरं मध्येच अडकली. पडदा पुन्हा काळा.

मामा कीबोर्ड काखेत मारून आले. "काल कंपनीचा माणूस नवीन टाकून गेला. जुनं बिचारं कधी अडलं नव्हतं."

"जुनं आहे का अजून?" बापाने विचारलं.

"काय की. काढलंही असेल."

बापाने कीबोर्ड जवळजवळ हिसकावलाच. यंत्र बंद करून चालू केलं, कळ दाबून धरली. यंत्रात असलेल्या कर्नेलांची यादी उमटली. वर नवीन, आणि त्याखाली ते जुनं, ज्याला तो ऑफिसात शिळं म्हणून नाक मुरडायचा. घाईत नवीनच निवडलं जाता जाता राहिलं.

"श्वास थांबला," सिस्टर म्हणाली आणि टिचकी मारली. पुन्हा मारली. बाप मनातल्या मनात माफी मागत होता, कुणाची ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. आणखी एक टिचकी, आणि बाळ चिडून रडलं. मग पडदा उजळला, हिरवी रेघ पळू लागली. जुनं मुकाट्याने कामाला लागलं होतं.

"तुम्ही होतात म्हणून निभावलं," मामा म्हणाले. बापाला त्यांच्याकडे बघवेना.

"बाकीच्या पेट्यांवर काय आहे?"

"सगळीकडे तेच. नवीन."

"बदला. आत्ताच्या आत्ता." मामा पुढच्या पेटीकडे वळले. बापाने दाराबाहेर येऊन ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. "नवीन कर्नेल कुठे कुठे गेलंय रे?"

"काय बापमाणूस!" पलीकडून मित्र हसला. "लेकीजवळ बस की गुमान. शहरातल्या सगळ्या बाळांच्या वॉर्डांत कालच गेलं. एकही तक्रार नाही."

बापाने काचेतून आत पाहिलं. पेट्यांची रांग होती, आणि त्यांत निजलेल्यांपैकी कुणालाच अजून बोलता येत नव्हतं.