चिंगीसाठी घर बघताना

दादासोनं साखळी पल्लवीच्या पुढ्यात धरली आणि घुंगरं खुळखुळवली. "नवीकोरी हाय. मुद्दाम कराडासनं आणली."

झालं! पल्लवीचा चेहराच उतरला. साताऱ्यातल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून ती कडेगावजवळच्या या मळ्यावर तिसऱ्यांदा आली होती. या खेपेला घर पसंत पडलं तर कुत्री इथंच ठेवून जायची, म्हणून चिंगीलाही सोबत आणलं होतं. इतका वेळ चिंगी गाडीच्या काचेतून कोंबड्या बघत होती. घुंगरं वाजली तशी ती सीटखाली शिरली.

"काका, बांधणार तुम्ही तिला?"

"मंग! नवं जनावर दारात यायचं, त्येला नवं दावं नगं? बैल आणला तवा बी घुंगराचंच आणलं हुतं."

दारात त्याची बायको बनुबाई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उभी होती. ताटात हळदकुंकूसुद्धा होतं.

"काका, तिच्या गळ्यात साखळी रुतली होती हो. डॉक्टरांनी कापून काढली. बांधणाऱ्या घरी आम्ही तिला देत नाही." पल्लवीच्या आवाजात रागही उरला नव्हता. मागच्याच आठवड्यात तिनं एका चांगल्या बंगल्यातून उपाशी कुत्रं परत आणलं होतं. लोकांची घरं बघून बघून तिला वीट आला होता.

दादासो साखळी हातात घेऊनच पायरीवर बसला. पहिल्यांदा कुंपण नाही म्हणून नकार आला, तर त्यानं घराभोवती जाळी मारून घेतली. मग वय निघालं. 'तुमच्या माघारी कुत्रीला कोण बघणार?' असं तोंडावर विचारलं, तेही त्यानं गिळलं आणि पुतण्याला फोनवर कबूल करायला लावलं. हे सगळं बनुबाईसाठी. फोनवर 'न्यायला या' म्हणणारी लेक सासरच्या विहिरीत सापडली, तेव्हापासून बनुबाईचं बोलणंच तुटलं होतं. निदान मुक्या जनावराशी तरी बोलेल, एवढीच त्याची आशा. आणि आता ही साखळी आडवी आली. कौतुकानं आणलेली!

"लय झालं आता," तो म्हणाला. "आमची अंकिता दिली तवा बी एवढं इचारलं न्हवतं आमी."

"न्हवतंच इचारलं," बनुबाई म्हणाली.

अंकिता कोण, हे विचारायचं धाडस पल्लवीला झालं नाही.

बनुबाईनं ताट खाली ठेवलं. नवऱ्याच्या हातातली साखळी काढून घेतली आणि मागं गोठ्यात टाकून आली. पदराला हात पुसत पल्लवीसमोर उभी राहिली.

"बांधत न्हाई बाई. आजून काय इचारायचं ऱ्हायलंय ते इचार. समदं इचार."

"एकच राहिलंय, काकू," पल्लवी दमल्या आवाजात म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येक घरी म्हणत असे. "नाही रमली, नाही जमलं, तर तिला बाहेर काढायचं नाही. नुसता फोन करायचा. कधीही करा. आम्ही येऊन घेऊन जाऊ."

"परत न्ह्याला येता?"

"मग! आमचीच आहे ना ती."

बनुबाई नवऱ्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या तोंडाकडे बघून बोलत होती.

"ऐकलंसा का? निस्ता फोन केला, तर न्ह्याला येत्यात."