पाठकोरं पाकीट

मानाचं पाकीट घरी नेईपर्यंत रुखमाबाईंना दम निघाला नाही. तिथंच सतरंजीवर बसून त्यांनी ते उघडलं. आतली नोट खळीला चिकटली होती. त्यांनी नखानं ती ओढली, तसा पाकिटाचा सांधा सुटला आणि अख्खं पाकीट त्यांच्या मांडीवर उलगडलं. आतल्या बाजूला काहीतरी छापलेलं होतं. भोवती काळी चौकट होती.

अनुपमा समोरच उभी होती, उरलेली पाकिटं छातीशी धरून. तिला ती चौकट उलटी दिसली, पण उलटीसुद्धा ओळखू आली. तेरवीची, म्हणजे कुणाच्या तरी तेराव्याची, पत्रिका होती ती. साखरपुडा होऊन घटका झाली नव्हती, अंगठीची बोटाशी अजून ओळख व्हायची होती, आणि नवऱ्यामुलाच्या, सागरच्या, आजीच्या हातात तिनं तेरवीचं बोलावणं ठेवलं होतं.

हौस तिचीच. तिच्या वडिलांचा, नारायणरावांचा, मलकापुरात छापखाना. तिथले पाठकोरे कागद, म्हणजे एकीकडून छापलेले आणि पाठीमागून कोरे, रद्दीत जायचे. ते ती घरी आणायची, कापायची, दुमडायची, मैद्याची खळ लावून पाटाखाली दाबायची. तिची लिहायची पॅडं, तिची पाकिटं, सगळी अशीच. साखरपुड्याला बाजारातून चमचमती पाकिटं आणू, असं वडील म्हणाले तेव्हा हीच फणकारली होती, "माह्या हातची देईन मी." प्रत्येक पाकिटावर हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. दुमडण्याआधी प्रत्येक कागदावर काय छापलंय तेही बघितलं होतं. एक तेवढा नजरेतून निसटला. आणि निसटायचं तर नेमकं काय निसटावं!

"काय हाय व त्यात?" अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे होणाऱ्या सासूनं, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "कैलासवासी रुखमाबाई यांची तेरवी..." आणि त्या चमकून सासूकडे बघू लागल्या.

नारायणराव दारातून धावत आले, पत्रिका पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"नाव चुकलं होतं," ते चाचरत म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाच्या मायचं नाव रुक्मिणीबाई. आमच्या कारागिरानं रुखमाबाई छापलं. म्हनून गठ्ठा वापस आला."

"वापस आला तं आमच्या आत्याबाईच्या हातात द्याचा? शुभकार्यात?" सासूच्या खांद्यावर हात ठेवत अन्नपूर्णाबाई कडाडल्या.

तेरवीची पत्रिका लोक वाचतात आणि फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. इथं तर ती हळदीकुंकू लावून दिली होती. मोडलं लग्न, अनुपमाला वाटलं. सागर तिला आवडला होता. आवडला होता म्हणूनच तर एवढा कापाकापीचा खटाटोप केला होता. ती मटकन रुखमाबाईंच्या पायाशी बसली आणि तिला रडू कोसळलं. हुंदके काही केल्या आवरेनात.

रुखमाबाईंनी चष्मा पुसला. पत्रिका अक्षर अक्षर लावून वाचली. आपली तेरवी कोणत्या वाराला आहे तेही पाहून घेतलं. मग खाली वाकून त्यांनी विचारलं, "पोरी, तू खरंच रडून राह्यली का?"

"हो आजी. माहं चुकलं."

"थे राहू दे. ही माह्या मरनाची खबर पाहून रडून राह्यली ना?"

अनुपमानं रडतरडतच होकाराची मान हलवली.

"सुटली व माय मी!" रुखमाबाईंनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "मांगच्या आठवड्यात गच्चीवर कुरड्या वाळू घालत होती, तं कावळा डोक्याले शिवून गेला. असा शिवला म्हंजे आपल्या मरनाची खोटी खबर नातेवाइकायले धाडा लागते. थे आयकून कोनी रडलं, तं मरन टळते. जुनी रीत हाय. पन धाडू कोनाले? भाऊ गेले, बहिनी गेल्या. या सागरले सांगतलं, तं म्हने ग्रुपवर टाकून देतो. बापा, तिथं सारे हात जोडून मोकळे होतात. रडते कोन?"

कोपऱ्यात बसलेल्या सागरनं मान खाली घातली.

"आत्याबाई, आमाले काऊन नाही सांगतलं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी रडली असती ना."

"तू?" रुखमाबाईंनी विचारलं.

आधी सागर फिसकन हसला, मग नारायणराव, आणि मग स्वतः अन्नपूर्णाबाईंनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी हातानंच नारायणरावांना बसा म्हटलं. अनुपमाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांचं पाणीही थांबत नव्हतं.

रुखमाबाईंनी पदराच्या टोकानं तिचे डोळे पुसले.

"रडाले घरचंच मानूस लागते," त्या म्हणाल्या. "भेटलं."