स्वकष्टाचं पोट

सिक्स पॅक उमटल्यापासून नवरोबांच्या अंगावर शर्ट म्हणून टिकत नव्हता. काल साडू आले, तर त्यांच्यासमोरही पोट उघडं टाकून टिमकी सुरू. "क्रंचेस, धावणं आणि जिभेवर ताबा. कुणाची मदत नाही, निव्वळ जिद्द." वर पाणी घेऊन आलेल्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "नाहीतर ही बघा. बसल्या जागी वजन वाढवतेय."

साडू पोट धरून हसले. ती रिकामे पेले उचलून आत गेली.

आज सकाळी सतरंजीवर आडवे होत, गुडघे दुमडून नवरोबांनी रोजची हाक मारली, "अगं, ये ना, पायांवर बस. तू बसल्याशिवाय मला उठताच येत नाही."

 

भाजी चिरता चिरता ती आतूनच म्हणाली, "आज जिद्दीला बसवा."