अंगावरचा कापूस

शांतीच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी वॉर्डाच्या खिडकीत, काचेच्या नळीत उभं होतं. स्वच्छ. विहिरीच्या पाण्यासारखं.

"पू दिसत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पण नळी दुपारपर्यंत अशीच राहू दे. कुणी हलवायची नाही."

शांतीचा बाप दौलत नळीवर राखण करत बसला. पोरगी आठवडाभर तापाने निपचित. गिरणीचा संप मिटायचं नाव नाही. परळ डेपोतून आज संध्याकाळच्या एस.टी.ने मालवणला जायचं ठरलं होतं. गावी निदान पेज तरी मिळेल. डॉक्टरांनी तेवढं सोडायला हवं.

आणि नळीत त्याला तंतू दिसला.

बारीक. पांढरा. वरून खाली लोंबणारा.

कापूस! जन्मभर हेच. गिरणीत साच्यावर कापड विणून घरी आला की केसांत कापूस, भुवयांत कापूस. बायको, जाईबाई, उंबऱ्याबाहेरच झटकायची. सुई घालताना त्यानेच पोरीला वाकवून धरलं होतं, तेव्हाच पडला असणार. आता पाणी खराब झालं म्हणतील. परत सुई घालतील. सकाळची तिची किंकाळी अजून त्याच्या कानात होती.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. नळीला टिचकी मारली.

आणखी एक.

तंतू तुटला, विरला, दिसेनासा झाला.

डॉक्टर आले. नळी उजेडात धरली. "तपासणीत पाण्यातली प्रथिनं वाढलेली आलीत. पण नुसत्या तेवढ्यावरून मेंदूचा क्षय म्हणता येत नाही. क्षय असता तर एव्हाना पाण्यात कोळिष्टकासारखं जाळं धरलं असतं. आजच औषध सुरू केलं असतं मी. त्यात उशीर झाला की पोर हाती लागत नाही." त्यांनी नळी खाली ठेवली. "इथे काही धरलेलं नाही. न्यायचं तर न्या."

ते पुढच्या खाटेकडे वळले. जाईबाईने गाठोडं बांधायला घेतलं.

"बरा झाला, मी टिचकी मारलंय," दौलत तिच्या कानाशी हसला. "माझ्याच आंगावरचो कापूस पाण्यात पडललो. नायतर परत सुई टोचल्यांनी असती."

जाईबाईचे हात गाठीवरच थांबले. तिने नवऱ्याच्या खांद्यांकडे पाहिलं. धुऊन धुऊन विरलेला सदरा. त्यावर पांढरा ठिपका नाही.

"डॉक्टर, थांबा!" ती ओरडली. मग दौलतकडे वळली.

"गिरण बंद पडान वरीस झाला. तुमच्या आंगार कापूस खयसून येतलो?"