बोलायची पाळी

"आज घेऊन आलायस ना? मग आज फक्त ऐकायचं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "बोलायचं असेल तर पुढच्या मंगळवारी न पिता ये. इथली रीतच आहे तशी."

वेल्डर उभ्याउभ्या डुलत होता. वाचनालयामागच्या त्या खोलीत दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून बसली होती. त्याला हवा असलेला एकच माणूस त्यांत नव्हता. त्याचे दाजी. त्यांची अब्रू चारचौघांत काढायची, म्हणून तर तो धीर येण्यापुरती पिऊन आला होता. आता दाजीही नाहीत आणि तोंड उघडायचीही बंदी! कंडक्टरबाईंनी उभा जन्म भरलेल्या बसमधली भांडणं मिटवण्यात घालवला होता. त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार? तो एक खुर्ची ओढून दातओठ खात बसला.

त्याच्या हातात पहिला ग्लास दाजींनीच दिला होता. नुकतं मिसरूड फुटत होतं तेव्हा. पुढे दोघांनी मिळून वर्कशॉप काढलं. दिवसभर गेट आणि जिने जोडायचे, संध्याकाळी शटर अर्धं ओढून बाटली उघडायची. मग दाजी या खोलीत येऊ लागले आणि त्यांची सुटली. सुटली तर सुटली, पण वर नाकाने कांदे सोलायला लागले. एक दिवस तर त्यांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातातलं काम काढून घेतलं. "दारुड्याने जोडलेल्या जिन्यावर मी माझ्या पोरीला चढू देणार नाही. नीघ इथून," म्हणाले.

नीघ! ज्या माणसाने पाजली, त्याने म्हणावं! तो शब्द वेल्डरच्या काळजात रुतून बसला. दाजी मंगळवारी कुठे जातात हे ताईच्या तोंडून कधीतरी निसटलं होतं. त्याने ते लक्षात ठेवलं. जिथे त्यांना साधुसंत समजतात, तिथेच त्यांचे वाभाडे काढायचे. त्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तो कोरडा आला. हात लटलट कापत होते. दाजी आलेच नव्हते. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मान हलवली. पाठीमागे बोलण्यात काय मजा? तोंडावर बोलायचं होतं. म्हणून त्यानंतरच्या मंगळवारीही आला. मंगळवारी कोरडं राहायचं तर सोमवारीच थांबावं लागतं, हे त्याला कळलं. मग सोमवारसाठी रविवारी. दाजी नेमके कधी उगवतील याचा नेम नव्हता, आणि नेमका त्याच दिवशी आपण पिऊन असलो तर? त्या धास्तीने त्याने बाटलीला हात लावायचं सोडलं.

सोपं नव्हतं ते. त्या खोलीतल्या एका न्हाव्याने त्याला आपला नंबर दिला होता. "तलफ आली की फोन कर, अवेळी असला तरी चालेल." वेल्डर फोन करायचा आणि दाजींना शिव्या घालायचा. न्हावी नुसता हुं हुं करायचा. शिव्या संपेस्तोवर तलफही ओसरलेली असायची. "तुझ्या दाजींचे उपकार म्हणायचे," न्हावी एकदा म्हणाला. वेल्डरने फोन आपटला. पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्यालाच लावला.

दुसऱ्याच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. लोखंड घासताना तो आपलं भाषण घासत होता. पहिला ग्लास, अर्धं शटर, 'नीघ'. एकेक शब्द जिथल्या तिथे बसला होता. ताईला विचारलं की ती म्हणायची, "कामात आहेत रे." असू दे. कधीतरी येतीलच.

आणि एका मंगळवारी ते आले. ताईने त्यांना दंडाला धरून आणलं होतं. शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि वास तर दारापासूनच येत होता.

"पुन्हा सुरू झालीय," ताई वेल्डरच्या कानाशी म्हणाली. "कधीपासूनच. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते?" ती भिंतीला टेकून उभी राहिली.

कंडक्टरबाईंनी दाजींना खुर्ची दाखवली. "बसा. आज तुम्हाला नुसतं ऐकायचंय, ठाऊक आहे ना?"

वेल्डरला मनातून उकळ्या फुटत होत्या. त्याने नुसता सूड मागितला होता, आणि इथे दाजींना उलट बोलायचीही सोय उरली नव्हती! त्याची पाळी आली. तो उठला. हात अजिबात कापत नव्हते. सगळे शब्द जिभेवर हजर होते.

दाजींनी मान वर केली. डोळे तांबारलेले, तोंडावर ओघळणारं हसू. कंडक्टरबाई "शू!" म्हणेपर्यंत ते बोलून मोकळे झाले. "बोल रे, बोल. मनसोक्त बोल. सकाळी मला यातलं काहीएक आठवणार नाही."

वेल्डरच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे मंगळवार त्याने जीव मुठीत धरून काढले होते, ते काय या धुंद कानांत ओतायला? या माणसाला एकेक शब्द झोंबला पाहिजे. सकाळीही झोंबला पाहिजे आणि त्याच्या दुसऱ्या सकाळीही. खोली त्याच्याकडे बघत होती. ताईने डोळ्यांना पदर लावला होता.

"आज नाही," वेल्डर म्हणाला. "तुम्ही शुद्धीत असाल तेव्हाच बोलणार, दाजी. सुटका नाही तुमची. आठवडाभर थेंबसुद्धा घेऊ देणार नाही तुम्हाला. ताई, माझं अंथरूण घाल, आजपासून मी तुमच्याकडेच झोपणार."