अठरा अंश

घरी केलेल्या बिअरचे हृषीकेशने नुसते लाड चालवले होते. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या उन्हाळ्यातही ती अठरा अंशांवरच आंबली पाहिजे म्हणून गॅरेजमध्ये पिंपासाठी वेगळा फ्रिज आणला, पिंपाला सेन्सर चिकटवला. पारा जरा चढला की तिकडे खाणीत, शिफ्टवर, त्याच्या फोनवर अलार्म वाजायचा.

इकडे त्याची बायको चारुता कालपासून तापाने फणफणली होती. सकाळपासून तिने त्याला कितीदा फोन लावला, पण त्याने एकदाही उचलला नाही. शेवटी मेसेज आला, "शिफ्टवर आहे गं, सारखा फोन नको करूस. पॅनाडोल घे, नो वरीज."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. भिंतीचा आधार घेत ती गॅरेजमध्ये गेली, फ्रिज उघडून पिंपावरचा सेन्सर उपटला आणि सरळ आपल्या काखेत दाबून धरला.



मिनिटभरात फोन वाजला. "चारुता, अगं बिअर एकोणचाळीसवर गेलीय! तू कशाला हात लावू नकोस, मी शिफ्ट सोडून निघालोच!"